खेपेला दोन क्विंटल

भुईकाट्यावर चढते गाडी. विकला जातो तो तिच्यातला ऊस. दोन्ही वेगळे काढायची वाट एकच आहे. भरलेली गाडी तोलायची, माल उतरवून तीच गाडी रिकामी तोलायची आणि वजाबाकी करायची. पहिले भरवजन, दुसरे रिकामे वजन, उरले ते निव्वळ. धान्याच्या अडतीपासून भंगाराच्या गोदामापर्यंत सगळीकडे हाच हिशेब चालतो. पण कोल्हापूर-सांगलीच्या ऊसपट्ट्यात या वजाबाकीवर जितका संशय घेतला जातो तितका क्वचितच कुठे घेतला जात असेल. हंगामाच्या तोंडावर जयसिंगपुरात ऊस परिषद भरते, तिथे दराच्या जोडीने काट्याचा विषय निघतो. 'काटा मारणे' या शब्दाचा अर्थ या भागात लहान पोरालाही सांगावा लागत नाही.

या काट्यांवर येणारी वाहने एका साच्याची नसतात. टायरची बैलगाडी दोन-तीन टन ऊस आणते. छोट्या ट्रॅक्टरमागे दोन चाकांची गाडी जोडलेला 'अंगद' त्याहून थोडा जास्त आणतो. ट्रकही असतात. पण या रस्त्यांचा खरा धनी म्हणजे डबल ट्रॉली: पुढे ट्रॅक्टर, त्याच्या हुकाला एक ट्रॉली, तिच्या मागे पिन घालून दुसरी. ऊस वीस ते पंचवीस टन, आणि ट्रॅक्टरसह रिकामे वजन आठ टनांच्या आसपास. रात्री ही आगगाडी समोरून येते तेव्हा आधी गाणे ऐकू येते, मग दिवे दिसतात आणि ट्रॅक्टर निघून गेल्यावरही ऊस बराच वेळ शेजारून सरकत राहतो.

ऊस कारखान्याला जायचा असतो आणि कारखान्याला स्वतःचा काटा असतो. तरी शिरोळ तालुक्यातल्या एका रस्त्याकडेच्या खासगी काट्यावर फेब्रुवारीच्या दुपारी तीन-चार ट्रॉल्या उभ्या दिसतात. एरवी या काट्याला वाळू, कडबा, भंगार, वीटभट्टीची राख असे गिऱ्हाईक. हंगामात ऊसवाला शेतकरी येतो तो साक्षीदार शोधायला. शे-दीडशे रुपये देऊन तो स्वतःच्याच उसाचे वजन विकत घेतो, कारण कारखान्याच्या पावतीवरचा आकडा त्याला एकट्याने पुरत नाही. एका डबल ट्रॉलीच्या ड्रायव्हरने इंजिन बंद न करताच खाली वाकून फरक सांगितला होता: "खेपंला दोन क्विंटल जातंय बघा." आकडा त्याने सहज सांगितला, डिझेलचा दर सांगावा तसा. हा आकडा त्या रस्त्यावर अनेकांच्या तोंडी आहे. दोन क्विंटल, दीड नाही, अडीच नाही.

खोलीत मीटर, छोटा प्रिंटर, देवाचे कॅलेंडर आणि एक खिडकी. काटेवाला साठीच्या पुढचा. त्याचे महत्त्वाचे काम मात्र खोलीबाहेरचे असते. प्लॅटफॉर्म आणि त्याच्या भोवतीची काँक्रीटची कड यांत बोटभर फट ठेवलेली असते. प्लॅटफॉर्म मोकळा असला पाहिजे; तो कडेला कुठेही टेकला तर काही भार कडेवरच राहतो आणि मीटरला तेवढा कमी दिसतो. ऊस वाहणाऱ्या गाड्यांतून पाचट, वाढ्याचे तुकडे, टायरच्या खाचांत अडकलेली खडी या फटीत पडत राहते. काटेवाला पहाटे आणि दुपारी वाकवलेली सळई घेऊन चारी बाजूंनी फट खरवडून काढतो. सळई खडीला लागली की आवाज बदलतो. तो थांबतो, खडा उचकटून बाहेर फेकतो, पुढे सरकतो. पूर्ण फेरीला पाव तास लागतो. गिऱ्हाईक थांबलेले असले तरी तो फेरी अर्धी सोडत नाही. काट्याच्या प्रामाणिकपणाबद्दल बोलणारे पुष्कळ असतात. ही सळई क्वचितच कुणाच्या हातात दिसते.

गाडी न उचलता तोलता येते ही तशी अठराव्या शतकातली कल्पना. त्याआधी भरलेली गाडी साखळ्यांनी टांगून तोलावी लागे. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या जॉन वायट यांनी जमिनीखाली तरफांची जोडसाखळी बसवली. वर गाडी उभी राहायची आणि तिचा मोठा भार तरफांवरून कमी होत होत दुसऱ्या टोकाला लहान वजनाने तोलला जायचा. साखर कारखान्यांचे जुने काटे याच कुळातले होते, दांडीवर वजन सरकवून आकडा काढायचे. आता दांडी गेली. प्लॅटफॉर्मच्या खाली चार, सहा किंवा आठ लोडसेल असतात. लोडसेल म्हणजे पोलादाचा ठोकळा. भाराखाली तो डोळ्याला दिसणार नाही इतका दबतो. त्याला चिकटवलेल्या बारीक तारेच्या पट्ट्या त्याच्याबरोबर दबतात किंवा ताणल्या जातात, त्यांचा विद्युतरोध किंचित बदलतो आणि तो बदल मीटरपर्यंत पोचतो. भार पूर्ण असतानाही हा संकेत काही मिलिव्होल्टचाच असतो. सगळ्या सेलच्या तारा एका बंद डबीत एकत्र येतात. त्या डबीत ओल शिरली, उंदराने वायर कुरतडली, वेल्डिंग करताना करंट प्लॅटफॉर्ममधून गेला, की आकडे नाचू लागतात. खासगी काट्यांवर लबाडी पकडली गेल्याच्या बातम्या येतात तेव्हा बहुतेक वेळा बोट याच डबीकडे किंवा मीटर आणि संगणक यांच्या मधल्या वायरीकडे दाखवले जाते. जुन्या दांडीला हात लावला तर सगळ्यांना दिसायचा. मिलिव्होल्टला लावलेला हात दिसत नाही. संशय वाढण्याचे हे एक रास्त कारण आहे.

काट्यावर चढण्याची रीत थोडक्यात सांगता येते. गाडी चढण्याआधी मीटर शून्यावर आहे हे पाहायचे, सावकाश चढायचे, सगळी चाके आत आल्यावर थांबायचे, आकडा स्थिर होऊ द्यायचा. हे 'शून्य पाहणे' बहुतेक शेतकरी विसरतात. ते खिडकीपाशी येतात तेव्हा गाडी वर चढलेली असते. आधीच वीस किलो खाली बसलेले मीटर मग शेवटपर्यंत वीस किलो खालीच बोलते.

सगळी चाके आत येणे हीच डबल ट्रॉलीची अडचण. ट्रॅक्टरचे पुढचे चाक आणि दुसऱ्या ट्रॉलीचे मागचे चाक यांत अंतर इतके असते की लहान प्लॅटफॉर्मवर आगगाडी मावत नाही. मग काही काट्यांवर दोन तुकड्यांत वजन करतात: आधी ट्रॅक्टर आणि पहिली ट्रॉली, मग पुढे सरकून दुसरी. दोन आकड्यांची बेरीज बरोबर यायची तर काट्यापुढचा आणि मागचा रस्ता प्लॅटफॉर्मच्या अगदी पातळीत सपाट हवा. रस्ता चढा असेल तर बाहेरची ट्रॉली आतल्या गाडीला मागे ओढते, ब्रेक दाबलेले असले तर चाके प्लॅटफॉर्मला आडवी रेटतात आणि बेरीज दर खेपेला वेगळी येते. त्यातल्या त्यात चार चाकांच्या ट्रॉलीचे बरे असते. तिच्या पुढच्या आसाची चकती फिरते आणि दांडी फक्त ओढते, भार टेकवत नाही. अंगदासारख्या दोन चाकांच्या गाडीची गोष्ट निराळी. तिच्या पुढच्या भागाचे वजन थेट ट्रॅक्टरच्या हुकावर बसते. ट्रॅक्टर काट्याबाहेर आणि गाडी आत अशी तोलली तर हुकावरचा भार मोजलाच जात नाही. म्हणून अशी जोडी तोडून तोलू नये. शिरोळच्या काट्यावर आगगाडी पूर्ण मावते. मालकाने प्लॅटफॉर्म लांब टाकला आहे आणि त्या लांबीवरच त्याचा धंदा उभा आहे.

काटा खरा म्हणजे किती खरा, हे कायद्याने ठरवून दिले आहे. वैधमापनशास्त्र अधिनियम २००९ सालचा. तो १ एप्रिल २०११ पासून लागू झाला. त्याखालच्या नियमांप्रमाणे भुईकाट्याची दर १२ महिन्यांनी फेरपडताळणी करून घ्यावी लागते. पडताळणीनंतर निरीक्षक सील लावतो आणि दाखला देतो. तो दर्शनी भागात लावायचा असतो. ६० टनी काट्यावर आकडा साधारणतः १० किलोच्या टप्प्याने बदलतो. ३१,४८० नंतर एकदम ३१,४९०. मधे काही नाही. पडताळणीच्या वेळी अशा काट्याला ५ टनांपर्यंत ५ किलो, ५ ते २० टनांत १० किलो आणि त्यापुढे १५ किलो इकडे किंवा तिकडे चुकायची मुभा असते. रोजच्या वापरात ही मुभा दुप्पट. म्हणजे भरलेल्या डबल ट्रॉलीला ३० किलो आणि रिकामीला २० किलो.

या मुभेने दोन क्विंटलांचे काय होते? शेतकरी दोन काट्यांची तुलना करतो, आणि प्रत्येक काट्यावर दोन वजने होतात. एका काट्याने भरवजन ३० किलो जास्त दाखवले, दुसऱ्याने ३० कमी. रिकाम्या वजनात दोघांनी २०-२० किलोंची चूक उलट बाजूने केली, तर निव्वळ वजनात १०० किलोंचा फरक पडू शकतो आणि तरी दोन्ही काटे कायद्याच्या आत राहतात. म्हणजे दोन क्विंटलांतला एक क्विंटल नियमांतच मावतो. पण त्यासाठी चारही चुका टोकाच्या आणि सगळ्या एकाच पारड्यात पडायला हव्यात. कधी तरी तसे होईल. दर खेपेला तसे होत असेल तर त्याला चूक म्हणता येणार नाही.

आता एक खेप धरू. ऊस सकाळी तोडलेला. ऊसतोड टोळीने मोळ्या वाढ्यांनी बांधून, फळीवरून डोक्यावर वाहून ट्रॉल्या भरल्या. दुपारी ४ वाजून २० मिनिटांनी रस्त्याकडेच्या काट्यावर भरवजन झाले: ३१,४८० किलो. ड्रायव्हर वर बसलेलाच होता. तो दोन्ही वेळेला बसला तर वजाबाकीत आपोआप उडून जातो. भरवजनाला बसला आणि रिकाम्या वजनाला खाली उतरला तर तोही उसाच्या भावाने विकला जातो. या बारीकसारीक गोष्टी काट्यावरच्या माणसांना पाठ असतात. पावसाळी चिखल टायरला बसून भरवजनात येतो आणि ऊस उतरवायच्या गव्हाणीपाशी गळून पडतो, तेव्हा चिखलाचे पैसे शेतकऱ्याला मिळतात. त्याबद्दल तक्रार करताना अजून कुणी शेतकरी ऐकिवात नाही.

तिथून कारखान्यापर्यंतच्या रस्त्यावर थोडे डिझेल जळते, पाच-सहा लिटर, म्हणजे सुमारे पाच किलो. गावातून जाताना गतिरोधकावर ट्रॉली हळू होते आणि पोरे मागून ऊस ओढतात. ही ऊसपट्ट्याची जुनी वहिवाट; ड्रायव्हर आरशात बघतो आणि ओरडतोही, पण थांबत नाही. एक ऊस किलो-सव्वा किलोचा. वीस पोरांनी एकेक ओढला तर पंचवीस किलो.

मग गाडीतळ. कारखान्याच्या आवारात ट्रॉल्या रांगेने लागतात, नंबर मिळतो आणि वाट पाहणे सुरू होते. इथे पहिल्यांदा जाणवतो तो वास. फडात नुकत्याच तोडलेल्या उसाला ओल्या गवताचा, थोडा गोडसर वास असतो. गाडीतळावर तो नाही. इथे आंबूस वास आहे, ताक फार वेळ ठेवल्यासारखा, आणि त्यात चिमणीकडून येणारी मळीची जड गोडी मिसळलेली. तोडलेल्या टोकांवर काही तासांतच जिवाणू बसतात आणि साखर खाऊ लागतात. उसाच्या आतली विकरेही साखर फोडायला घेतात. वास येतो तो याच कामाचा. दुसऱ्या दिवशीच्या रांगेकडे चालत गेले की वास वाढत जातो, इतका की डोळे मिटूनही कुठली ट्रॉली कधीची ते अंदाजाने सांगता यावे. ड्रायव्हर ट्रॅक्टरखाली पोते अंथरून झोपतात. टोळीतल्या बायका चूल पेटवतात. मधे मधे भोंग्यावर नंबर पुकारला जातो.

साखरेबरोबर पाणीही जाते. ऊस म्हणजे बहुतांशी पाणी. तोडल्यावर मुळांकडून येणारे पाणी थांबते, पण टोकांतून आणि सालीतून उडणारे थांबत नाही. तोडलेला ऊस उन्हाच्या दिवसांत चोवीस तासांत साधारण १ टक्का, कडक उन्हात त्याहूनही जास्त वजन गमावतो. २३ टन उसाचा १ टक्का म्हणजे २३० किलो. दोन क्विंटल आणि वर थोडे.

त्या ट्रॉलीचा नंबर दुसऱ्या दिवशी सकाळी १० वाजून ४० मिनिटांनी लागला. कारखान्याच्या काट्यावरचे काम झपाट्याने चालते. गाडी चढते, क्लार्क स्लिप नंबर टाकतो, बाहेरच्या मोठ्या लाल अक्षरांच्या पाटीवर आकडा उमटतो: ३१,२३०. गाडी उतरते. गव्हाणीपाशी क्रेनच्या साखळ्या आख्खी ट्रॉलीभर मोळी उचलतात आणि पालथी करतात. शेतात सात-आठ तास घालून भरलेला ऊस दोन मिनिटांत नाहीसा होतो. रिकामी आगगाडी दुसऱ्या काट्यावर जाते: ७,९३०. पावतीवर निव्वळ २३,३००. परतताना ड्रायव्हरने रस्त्याकडेच्या काट्यावर रिकामी गाडी पुन्हा चढवली: ७,९४०. इथले निव्वळ २३,५४०. फरक २४० किलो. दोन क्विंटल आणि चाळीस किलो.

हे चार आकडे नीट पाहिले तर बरेच काही सांगतात. रिकाम्या वजनात दोन्ही काट्यांचा फरक फक्त १० किलो, म्हणजे मीटरचा एक टप्पा. कारखान्याचे दोन्ही काटे एकाच प्रमाणात कमी दाखवत असते, म्हणजे टनामागे ठरावीक किलो खात असते, तर ३१ टनांना २५० किलो खाताना त्यांनी ८ टनांना साठेक किलो खाल्ले असते. तसे झालेले नाही. तेव्हा दोनच शक्यता राहतात. एक तर वजन खरोखर कमी झाले आहे: वाटेत, पोरांच्या हातात आणि गाडीतळावर. किंवा कमी करणारी गोष्ट भरलेल्या गाडीलाच लागू होते आणि रिकामीला सोडून देते. पहिल्या शक्यतेला ऊन पुरेसे आहे का? १८ तासांतले बारा तास रात्रीचे होते. रात्रीही ऊस सुकतो, पण दिवसाइतका नाही. काट्यांची मुभा ५० किलो धरली, डिझेलचे ५, पोरांचे २५, तरी १६० किलो उरतात. ०.७ टक्के. फेब्रुवारीच्या एका रात्रीला आणि दोन अर्ध्या दिवसांना हे फार नाही, पण हसून सोडून देण्याइतके थोडेही नाही. या चार आकड्यांवरून कारखान्याला चोर ठरवता येत नाही आणि निर्दोषही ठरवता येत नाही.

त्यांवरून एक गोष्ट मात्र ठरते, आणि ती काट्याच्या यंत्रापेक्षा काट्याच्या जागेबद्दल आहे. भरवजन गाडीतळाच्या शेवटी, गव्हाणीच्या तोंडाशी होते. नंबर येईपर्यंत ऊस शेतकऱ्याचा. नंबर आल्यावर कारखान्याचा. मधले १८ तास शेतकऱ्याच्या खात्यावर. हाच काटा आवाराच्या फाटकात असता आणि गाडी आत येताच तोलली असती, तर सुकलेले पाणी कारखान्याच्या हिशेबात गेले असते आणि रांग आखूड करण्याची घाईही कारखान्यालाच झाली असती. याला लबाडी म्हणता येत नाही. फाटकात दोन काटे, तेवढा रस्ता, तेवढी माणसे ठेवणे सोपे नसते, आणि शिळा ऊस गाळून साखरेचा उतारा पडतो तेव्हा कारखान्याचेही नुकसान होतेच. तरी उन्हाचे पैसे कुणी भरायचे हे काटा कुठे बसवला यावर ठरते, आणि तो कुठे बसवायचा हे शेतकऱ्याला कुणी विचारलेले नसते. परिषदांमध्ये घोषणा डबीतल्या चिपविरुद्ध होतात. गाडीतळाविरुद्ध घोषणा देणे तसे अवघडच आहे. तिथे दाखवायला सील नाही, पकडायला माणूस नाही.

२४० किलोंचे पैसे किती? २०२४-२५ च्या हंगामाला केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्यासाठी टनाला ३,४०० रुपये एफआरपी, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर, ठरवली होती. त्या दराने मीटरचा एक टप्पा, १० किलो, म्हणजे ३४ रुपये. २४० किलो म्हणजे ८१६ रुपये. पण या पावतीत शेतकरी एकटा नाही. ऊसतोड टोळीची मजुरी टनावर असते. जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्के वाढ होऊन ती टनाला ३६६ रुपये झाली. टोळीचे २४० किलोमागे ८८ रुपये गेले, आणि ते आठ-दहा कोयत्यांत, म्हणजे जोड्यांत, वाटले जायचे होते. वाहतूकदाराला टनामागे अंतराप्रमाणे भाडे मिळते, त्याचेही गेले. पण टोळीत बीडहून आलेल्या बाईला आपला ऊस किती भरला हे दोन काट्यांवर बघायची सोय नाही. तिला मुकादम सांगेल तो आकडा. काटामारीची तक्रार शेतकऱ्याची म्हणूनच ऐकू येते, कारण शे-दीडशे रुपयांचा साक्षीदार त्यालाच परवडतो.

तक्रारीची तपासणी करायला भरारी पथके असतात. त्यांत महसूल, पोलीस, वैधमापनशास्त्र विभाग आणि शेतकऱ्यांचे प्रतिनिधी असतात. पथकाची रीत शेतकऱ्याच्या रीतीच्या उलट असते आणि म्हणून जास्त पक्की. नुकतीच तोललेली गाडी ते गव्हाणीकडे जाऊ देत नाहीत. तीच गाडी लगेच पुन्हा काट्यावर किंवा दुसऱ्या पडताळलेल्या काट्यावर चढवतात. मधे ऊन नाही, पोरे नाहीत, रात्र नाही. फरक आला तर तो काट्याचाच. प्रमाणित वजनांनी तपासायचे तर २० किलोची ५० वजने मांडावी तेव्हा १ टन होतो. म्हणून काही वजने ठेवून, आकडा घेऊन, त्यांच्या जागी भरलेली गाडी उभी करून, पुन्हा वजने वर मांडत पुढे जायची पद्धत आहे. प्लॅटफॉर्मच्या चारही कोपऱ्यांवर तेच वजन ठेवून पाहतात, कारण एखादा सेल बिघडला तर तो कोपरा खोटे बोलतो. शेतकऱ्याला स्वतः तपासायचे असेल तर शेताजवळच्या काट्यापेक्षा कारखान्याच्या फाटकाजवळचा काटा निवडावा आणि नंबर लागायच्या तोंडावर गाडी तोलावी. तसे करायला रांग सोडावी लागते. रांग सोडली की नंबर जातो. म्हणून सगळे सोयीच्या, म्हणजे चुकीच्या जागी तोलतात आणि तोंडी आकडा एकच फिरत राहतो: दोन क्विंटल. बाहेर वजन करून आणलेला ऊस कारखान्यांनी नाकारू नये, असे साखर आयुक्तालयाने २०२२ च्या हंगामात बजावले होते. नाकारू नये, इतकेच. बाहेरचा आकडा पैसे देताना धरावा असे नाही.

बाहेरच्या पावतीला आणखी एक अडचण आहे. भरलेल्या डबल ट्रॉलीचे ३१ टन छापील कागदावर आले की शेतकऱ्याचा पुरावा तयार होतो, पण जादा भाराचा पुरावाही त्याच कागदावर असतो. ड्रायव्हर म्हणूनच पावती खिशात ठेवतो आणि सहसा ती कुणाला दाखवत नाही.

उसाचे पैसे १४ दिवसांत द्यावेत आणि उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज द्यावे, असे ऊस नियंत्रण आदेश, १९६६ सांगतो. प्रत्यक्षात हंगामाचा शेवटचा हिशेब बसेपर्यंत उन्हाळा सरतो. रस्त्याकडच्या काट्याची पावती थर्मल कागदावर छापलेली असते. खिशाच्या घामाने आणि ट्रॅक्टरच्या उष्णतेने ती मे महिन्यापर्यंत कोरी होते. काटेवाल्याला हे ठाऊक आहे. त्याने पावती फाडून घेतली, उलटी केली आणि मागच्या बाजूला बॉलपेनने दाबून तीन आकडे लिहिले: ३१,४८०, ७,९४०, २३,५४०. मग कोपऱ्यातली सळई उचलून तो बाहेर गेला.